नावं ठेवताना

नावं ठेवण्याचं काम आहे माझं, शब्दशः.
बेइपूच्या टेकडीवर, चहाच्या मळ्यांमध्ये,
डॉक्टर ल्याउ कापतात आणि मी काढते:
टाकाने, काळ्या शाईत, शंभरपट मोठं.

आज तीन मिलिमीटरचा हिरवा तुडतुडा.
वरच्या पायऱ्या सोप्या.
मागच्या पोटरीवर काट्यांच्या रांगा,
ओळखलं कूळ.
पुढच्या पंखाच्या शिरा पार टोकाजवळ जाईपर्यंत
कुठेच फाटा घेत नाहीत,
हे झालं उपकूळ.
प्रजातीपर्यंत पोचायला मात्र दुपार होते.

सोंड बाहेरून एकच वाटते, म्यानासारखी.
आत चार सुया,
त्यांतल्या मधल्या दोघी एकमेकींत अशा अडकलेल्या
की दोन नळ्या उरतात.
एकीतून लाळ खाली, दुसरीतून रस वर.
"रेष जाड झाली तर उपाशी मरेल तो,"
डॉक्टर म्हणतात.
विनोद असावा. हसत नाहीत ते.

आणि जात? ती सोंडेवर ठरत नाही.
रंगावर तर नाहीच,
अल्कोहोलमध्ये हिरवा चार दिवसांत पिवळा पडतो.
नराच्या पोटाचं शेवटचं टोक तोडायचं,
क्षारात उकळायचं, धुवायचं,
ग्लिसरिनच्या थेंबात सुईने कुशीवर वळवायचं.
मग दिसतो एक वाकडा आकडा,
शेपटाला दोन काटे, किंवा एक, किंवा काहीच नाही.
नाव त्या आकड्याला.

माद्या खालच्या खणात.
चौदा पेट्या. चिठ्ठीवर प्रजाती,
आणि पुढे प्रत्येकीच्या: जात अनिश्चित.

माझी आई याच उतारावर पंचेचाळीस उन्हाळे पानं खुडते.
ती याला तुडतुडा म्हणत नाही.
तरंगत्या धुळीची पोरं, म्हणते,
कारण फांदी हलवली की तसंच काहीतरी उठतं
आणि तिरपं होऊन परत बसतं.
होड्यांच्या शर्यतींचा सण उरकला की ती पोरं येतात.
ज्या कोंबाला त्यांची सोंड लागली
तो वाढायचा थांबतो, होडीसारखा वळतो,
कडा तांबूस. त्याच चहाला मधाचा वास.
बाकी जगात कीड म्हणून फवारतात.
इथे ती आली नाही तर बायका चिंतेत.

एकदा डबा घेऊन आली, तर मी तिला भिंगातून दाखवलं.
"चावतं कोण यांतलं?"
दोघंही. पिल्लंसुद्धा.
"मग नाव एकट्याचं का?"
मी काटे, आकडा, सगळं समजावलं.
ती शेंगदाणे सोलत राहिली.

कारखान्याच्या वहीत तिच्या टोळीत
तीन छ्यू-मॉय होत्या,
शरदात जन्मलेल्या धाकट्या बहिणी.
मुकादम लिहायचा: मॉय एक, मॉय दोन, मॉय तीन.
आई दोन.
पुढे आठ किलो, सहाशे ग्रॅम.

त्या महिन्यात तिने काचेच्या बाटलीत अकरा आणून दिले,
सगळे सावलीच्या बाजूचे.
"हे वेगळे आहेत," म्हणाली,
"यांनी प्यायलेलं पान उजवीकडे वळतं."
डॉक्टरांनी उघडून पाहिले.
अकराही माद्या.
त्यांनी चष्मा पुसला आणि खालचा खण ओढला.

मी चित्र काढलं तरी.
आत झाकलेलं जे असतं, पण दिसत नाही,
त्याला आमच्यात ठिपक्यांची रेष असते.
तिच्या पोटात, देठ चिरायच्या पात्याभोवती,
मी ठिपके देत गेले, रात्री अकरापर्यंत.

चिठ्ठीवर जात कोरी राहिली.
खाली गावाचं नाव, उंची, तारीख,
आणि संग्राहक: चुंग छ्यू-मॉय.
मोहरीएवढी अक्षरं.

आईने ती भिंगाखाली धरून पाहिली, बराच वेळ.
"याचे पैसे मिळतात?"
नाही म्हटलं.
तिने टोपीची नाडी हनुवटीखाली बांधली.
वारा पडला होता.
मळ्यावरची धूळ आता बसलेली असणार,
खुडायला हीच वेळ बरी.