काखेत

पहाटेचे तीन. चौथ्या खाटेवर टोइव्हो लाह्टी
जखमेचा पाय उशीवर ठेवून झोपलाय.
पट्टी बदलायला नव्वद मैल आला, बर्फातून,
कारण त्याच्या गावच्या दवाखान्यात आता
मासेमारीचं दुकान आहे :
गळ, जिवंत किडे, गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचे गिरमिट.

ब्रेकरूममध्ये माझ्या लॅपटॉपवर
तीन विद्यापीठं उघडी आहेत,
तीन स्थळं सांगून आल्यासारखी.

पहिलं म्हणतं, कुठूनही शिका, पायजम्यात शिका.
खाली बारीक अक्षरांत :
प्रत्यक्ष रुग्ण तपासायचे सहाशे तास
कुणाच्या हाताखाली भरायचे, ते तुमचं तुम्ही बघा.
दुसरं काचेचं. पाच तासांवरच्या शहरात.
तिथले पुतळे घामाघूम होतात, कण्हतात, मरतात,
आणि सोमवारी पुन्हा हजर.
त्याच्या फीचा आकडा मी काइसाच्या गणिताच्या वहीत
मागच्या पानावर मांडला.
तिनं खाली लाल पेननं लिहिलं : उत्तर तपासा.
तिसरं सरकारी, ओळखीचं, स्वस्त.
अठरा जागा, आणि रांगेत एक अख्खा हिवाळा.

तिघांनाही निबंध हवाय :
तुम्हाला नर्स प्रॅक्टिशनर का व्हायचंय? पाचशे शब्द.

लिहिलं, लोकांची सेवा. खोडलं.
लिहिलं, लहानपणापासूनचं स्वप्न. तेही खोटं,
लहानपणी मला बर्फ उपसायचा ट्रक चालवायचा होता.
मग ती नोव्हेंबरची रात्र लिहिली.
बाईचा श्वास मला दारातूनच कळला होता.
औषध कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात,
आणि ते द्यायची परवानगी
वादळापलीकडे, एका न लागणाऱ्या फोनमध्ये.
चाळीस मिनिटं मी तिचा हात धरून बसले.
हात धरण्यात मी चांगली आहे.
सतरा वर्षं झाली.

ती वाचली.
हे निबंधात घालावं की नाही, ठरेना.
वाचली म्हटलं की
ती चाळीस मिनिटं फार लहान होतात.

अकरा दवाखान्यांना फोन केले.
माझ्या हातावर नजर ठेवाल का, सहाशे तास?
शेजारणीकडे वाटीभर साखर मागावी, त्या आवाजात.
जागा नाही. वेळ नाही. वकिलाला विचारू.
एकानं नुसतंच संगीत ऐकवलं, नऊ मिनिटं.

बारावी रूथ बोड्री.
पशुखाद्याच्या दुकानामागे तिच्या दोन खोल्या.
माझ्या घरापासून सात मैल;
आणि मी अकरा गावं पालथी घालून आले होते.
म्हणाली, विद्यापीठ कुठलंही घे,
त्याच्या नावानं कुणाचा ताप उतरत नाही.
पण मी एकोणसत्तरची आहे.
अडीच वर्षांनी, जूनमध्ये, पाटी उतरवणार.
त्याच्या आत ये.
मग फोनपासून तोंड वळवून कुणाला तरी ओरडली,
श्वास सोड आता! कधीचा धरून बसलायस?

म्हणजे इतके दिवस मी तीन पारडी तोलत होते,
आणि काटा एका म्हातारीच्या हातात होता.
काचेच्या इमारतीतून मी बाहेर पडेन
तोवर तिथे कोंबड्यांच्या खाद्याची पोती रचलेली असतील.
रांगेत उभी राहिले तरी तेच.
उरलं पायजम्यातलं,
ज्याला मी सगळ्यात आधी हसले होते.
जानेवारीत सुरू होतं. ठीक आहे.
पायजमा आहे माझ्याकडे.

सकाळी पार्किंगमध्ये, गाडी तापायची वाट बघत,
रूथचा करारनामा स्टिअरिंगवर ठेवला.
तिची सही झालेली, तिरकी, घाईतली.
खाली माझ्यासाठी रेघ.
पेन चालेना. शाई गोठली होती.
मी ते कोटाच्या आत, काखेत धरलं,
पूर्वी पाऱ्याचा थर्मामीटर धरायचे तसं,
आणि मिनिटं मोजत बसले.

घरी सोडलेला टोइव्हो कुबड्या टेकत आला,
काचेवर टकटक केली.
ताप आहे का तुला?

बघतेय, म्हटलं.