एकोणीस तारखेपर्यंत

बँकेच्या कागदावर ती ओळ होती,
वीजबिल आणि कुत्रीच्या डॉक्टरच्या मधोमध:
चोवीस युरो नव्वद. दर महिन्याला. चौदा महिने.
मला वाटलं, हवामानाचं काहीतरी असेल,
उर्मासला रोज वाऱ्याचे आकडे लागायचे.

निघालं भलतंच.
माझा धाकटा भाऊ, वय एकोणसाठ,
हिऊमा बेटाच्या फेरीबोटीवर गाड्या लावून घेणारा,
दोन बोटांनी ये, ये, बस्स
एवढंच बोलणारा,
पैसे भरून माणूस शोधत होता.

पासवर्ड लगेच सापडला.
कुत्रीचं नाव, पुढे बोटीचा नंबर.
फोटो माझ्या मुलीच्या लग्नातला.
त्यानं मला कापून टाकलं होतं,
पण नीट नाही. डाव्या खांद्यावर
माझी चार बोटं राहिली होती
आईच्या अंगठीसकट.
चौदा महिने कुणाकुणाला काय वाटलं असेल
त्या बोटांबद्दल, देव जाणे.

उंची खरी लिहिली होती. वजन नाही.
आवडी: मासे धुरावर भाजणं, शांतता, रेडिओ.
शांतता आणि रेडिओ? मी मोठ्यानं म्हटलं,
तशी चुलीपाशी मुरीनं कान टवकारले.

बंद करायला गेले तर दोन दारं.
खातं वेगळं, वर्गणी वेगळी.
माणूस गेला म्हणून पैसे जायचे थांबत नाहीत.
आधी वर्गणी.
का सोडताय?
जोडीदार मिळाला. महाग वाटतं.
थोडी विश्रांती हवी. मनासारखं कुणी नाही.
पाचवं कारण तिथे नव्हतं.
मी 'महाग वाटतं' दाबलं, त्यानंही तेच दाबलं असतं.
लगेच निम्मी किंमत, तीन महिने,
खास तुमच्यासाठी, उर्मास!
आणि क्षणभर, खोटं कशाला सांगू,
मला स्वस्त वाटलं.

मग आलं: रद्द झालं.
तुमच्या सवलती एकोणीस तारखेपर्यंत चालू राहतील.
आज आठ.
लोणी संपलं की कागद उलगडून
सुरीनं घड्या खरवडणारा माणूस तो.
अकरा दिवसांचे पैसे भरलेले.
खातं मी तसंच ठेवलं.

निरोप एकाच बाईचे. हेल्वे. हाप्सालूची,
समोरच्या काठावरची.
वाचणार नव्हते. वाचले.
वाम मासा आल्डरच्या लाकडावर भाजावा की जुनिपरच्या,
तिचा गुडघा, तिची सून, पुन्हा गुडघा.
कधीतरी भेटू, असं दोघांनीही लिहिलेलं,
दोघांनीही पुढे टिंबं दिलेली.
आणि दिवसातून तीनदा त्याची बोट
तिच्याच किनाऱ्याला लागत होती.
तो फळी खाली टाकायचा, गाड्या सोडायचा,
गाड्या घ्यायचा,
परत यायचा.

मार्चमध्ये तिनं विचारलेलं,
खांद्यावर हात कुणाचा?
दोन दिवसांनी त्याचं उत्तर:
बहिणीचा. काढायला गेलो, निघत नाही.

शेवटचा तिचा निरोप तीन आठवड्यांपूर्वीचा.
एवढा गप्प का? मी काही बोलले का?

मी लिहिलं: मी मारिका. फोटोतला हात.
एवढंच पाठवलं आणि फोन पालथा घातला,
भांडी घासली, मुरीला फिरवून आणलं,
मग उरलेलं वाक्य लिहिलं.

रात्रभर काही नाही.
सकाळी एकच ओळ:
बोट किती वाजता असते?
जन्म बंदराशेजारी काढलेली बाई,
मला विचारत होती.

आज सोळा. धक्क्यावर वारा सुटलाय,
किती, ते सांगणारं कुणी नाही.
नवा पोरगा गाड्या उतरवतोय,
पूर्ण हात हलवतो, फार हलवतो.
पायी येणारे सगळ्यात शेवटी सोडतात.
मी डाव्या हाताचा मोजा काढून ठेवलाय.