शून्याचा रकाना

ऐरोलीच्या खाडीला पाणी चढलं
की पक्षी चिखल सोडून मिठागरात येतात.
तेवढे दोन तास आपले.
तिपाईचे पाय शेवाळात रुततात,
दुर्बिणीच्या काचेवर खार बसतो,
ओढणीनं पुसला तर आणखी पसरतो.

शेकाटे एकशे बारा.
उचाटे नऊ.
टिलव्यांचा मात्र नुसता पाचोळा,
तो कसा मोजायचा?

हसुरामकाका बांधावर उकिडवे.
याच कोंड्यांत चाळीस वर्षं मीठ ओढलं त्यांनी.
"पाट्या मोजायचो तशी मोज. विसाची कोडी.
कोडी भरली की एक खडा खिशात.
मुकादम फसवील, खडा नाय फसवत."

मग मी नजरेनं वीस पक्ष्यांचा तुकडा बेतते
आणि थव्यावर ठेवत सरकते,
शिंप्यानं कापडावर वीत ठेवावी तशी.
एक खडा. दोन. सात.
आठव्याला भोवत्या येतो
आणि सगळा हिशेब हवेत,
पांढरा, करडा, वळताना पुन्हा पांढरा.
काका हसतात. "घे आता परत."
खिसा उलटा करून मी पहिल्यापासून.

एका पाणटिवळ्याच्या पायात कडं होतं.
अक्षर लावायला गेले
तर त्यानं नेमका तोच पाय पोटात घेतला
आणि झोपला.
ज्या कुणी ते चढवलं,
त्यांचेही हात तेव्हा गारठले असतील.
कडं आहे. अक्षर वाचता आलं नाही.
असंच लिहिलं.

तिसऱ्या कोंडीची उघाडी
शिमग्याच्या आसपास डबरानं बुजली.
कुणी, ते विचारलं तर सगळे आभाळाकडे बघतात.
आत भेगा. भेगांत तीन काठ्या रोवलेल्या,
पोरं खेळून गेलीत.
तरी तिथंही दहा मिनिटं उभं राहायचं, नियम आहे.
प्रधानबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं:
रकाना मोकळा सोडलास
तर कुणी मोजायला आलंच नाही, असा अर्थ होतो.
शून्य काढ.
म्हणजे आलो होतो, पाहिलं, नव्हते.

मी शून्य काढलं.
काका माझ्या खांद्यावरून कागदाकडे बघत होते,
काही बोलले नाहीत.

रात्री कुर्ता भिजवला तर बादलीत खडे वाजले.
अकरा निघाले.
कागदावर दहा कोड्या.
एक तर मी कुठे चुकले,
नाहीतर काकांनी हळूच
तिसऱ्या कोंडीचाही एक टाकला होता.