कलम

मसुदा वरुडापर्यंत मोटारीनं आला,
तिथून बंडीत, सरकीच्या पोत्यावर.
तीन रात्री नथ्थूजी वकील ओट्यावर बसून
इंग्रजीचं वऱ्हाडी करत होते
आणि आम्ही पोरं कंदिलावरचे किडे हाकत होतो.

"कलम अकरावं," ते म्हणाले.
खाली, पायरीच्याही खाली बसलेला दसरू बोलला,
"कलम तं आम्हीबी बांधतो जी, संत्र्याचं.
खुंट जंबेरीचा, डोळा वरचा.
तुमचा खुंट कोनता?"

वकील हसले नाहीत.
समासात काहीतरी लिहिलं, खोडलं,
पुन्हा लिहिलं.

दिल्लीत त्यांची दुरुस्ती पडली म्हणे.
सात हात वर, बाकी सगळे मांडीवर.
तरी सही केली.

परतले ते घरी न जाता
थेट रोपवाटिकेत, बुटांसकट चिखलात.
"धरलं, हे कसं ओळखतोस?"

दसरूनं केळीचा सोप सैल केला.
"एकवीस दिवसांनी डोळा हिरवा, तं धरलं.
पण खुंट जंगली हाय, मालक.
खालून फुटवे येतच राह्यते.
दर आठवड्याले खुडा लागते."

"किती वर्षं?"

दसरू तोवर
पुढच्या वाफ्यात वाकला होता.