तर

माझ्या कऱ्हाडकडे तरी म्हणजे
रश्श्यावर तरंगणारं लाल तेल.
आरोंद्याच्या शाळेत रुजू झाले तेव्हा
तेवढी तरी ठाऊक होती,
आणि जर-तरमधला तर.

सातवीच्या चाचणीत प्रश्न घातला :
‘तर’ या शब्दाचा वाक्यात उपयोग करा.
सगुण होबळे, तिसरा बाक, लिहितो :
तर पलतडी गेली.
मी लाल शाईने फुली मारली. समासात लिहिलं,
जर कुठे आहे?

रविवारी किरणपाणीला जायचं म्हणून धक्क्यावर उतरले.
पाणी मोकळं. सुक्या सुंगटांच्या टोपलीशेजारी बसलेली बाई
न विचारताच म्हणाली,
‘तर पलतडी गेली, बाई. बसा वायच.’
वाक्य तेच. शब्दांचा क्रमही तोच.

बसले.
तर स्त्रीलिंगी. तर लागते, तर सुटते,
आणि धावलात तरी चुकते.
तीवर चढतात सोलं, नारळ, सुपारीची पोती,
एकदा एक शिवणयंत्र आणि त्याच्यामागून नवरी,
पाणी शांत असलं तर म्हशीचं पारडूसुद्धा.
चालवतो तो तारी. आडनावही तारीच, बाबल तारी.
माणसाचे चार आणे,
डोक्यावरच्या ओझ्याचे वेगळे दोन.

बाबल वल्ह्याला टेकून सांगायचा,
त्याच्या बापाच्या वेळी पलतडी पाखल्यांचा मुलूख.
शिपाई टोपलीत संगीन खुपसून बघे.
वर मीठ, मिठाखाली घड्याळं,
घड्याळांखाली कुणाचं तरी पत्र.
‘राज्यां गेली,’ बाबल म्हणायचा,
‘तर येत-जात रवली.’

तेव्हा कुठे माझ्या समासातला प्रश्न मला समजला.
जर आम्हीच होतो.
जर पास मिळाला, जर शिपायाचा डोळा लागला,
जर ओहोटीआधी पोचलो,
असे धक्क्यावर ओळीने बसलेले,
मांडीवर गाठोडी घेऊन.

सोमवारी ती वही मागायची राहिली.
मग सहामाही आली, मग बदली.

आता पूल आहे.
बर्फातल्या बांगड्यांचे ट्रक गाणी लावून हद्द ओलांडतात.
बाबलची होडी मांडवामागे पालथी,
तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात.
मुलं ‘तर’ला उभयान्वयी अव्यय म्हणतात.
पूर्ण गुण मिळतात.

परवा पुलाच्या तोंडाशी पिकअपमधून हाक आली, ‘बाई!’
कानांवर पांढरे केस. सगुण.
मी म्हटलं, अरे, तुझा एक गुण माझ्याकडे राहिलाय.
‘कसलो गुण, बाई?’
सांगायला तोंड उघडलं,
तोवर मागच्या गाड्यांनी भोंगे सुरू केले.
त्याने हात हलवला, गियर टाकला.

पलतडी गेला.