तिसरा रविवार

फोटो काळा-पांढरा.
राणीसाहेबांच्या शालूचा रंग
आता कुणालाच ठाऊक नाही.
बेंडकुळे सर म्हणाले, "दागिने शेवटी. आधी सावली."

तीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी एकच चेहरा मोजला, गड्ड्यांनी,
एकदाही न बघता.

इथे एका कानावर तिसरा रविवार.
जवसाच्या तेलाचा वास
घरी पोळ्यांनाही लागतो.
पांढरा जास्त झाला की बाई आजारी दिसते,
गेरू वाढला की
माझ्यावरच रागावलेली.

शेवटी मनगट धरलं कॅनव्हासशेजारी,
माझंच,
बांगड्यांखालचं, उन्हाने न रापलेलं,
आणि तोच रंग कालवला.

सर बराच वेळ गप्प.
मग चष्मा पुसत म्हणाले,
"कान ओला आहे अजून.
पदर सांभाळा."