पत्रा नंबर एकसष्ट

वादळ साडेचारला आलं, पाचच्या आत गेलं.
तापीपासून सडकेपर्यंत केळी आडवी,
सगळे घड एकाच दिशेला,
कुणी कंगवा फिरवून गेल्यासारखे.
आणि पत्रे.
जोहरा तडवी म्हणते, मले वाटलं वर कोनी तरी
लग्नाची ताटं घासून राह्यलं.

सकाळी सरपंचांनी माझ्या हाती खडूचा डबा दिला.
मुरली, सापडतील ते पत्रे शाळेच्या मैदानात आण,
नंबर टाक. भांडणं नकोत.

मी ग्रामपंचायतीचा शिपाई.
बावीस वर्षं पाणी सोडतो, पुकारा करतो,
पत्र्यांचा पुकारा पहिल्यांदा केला.

विहिरीत चार.
बाभळीवर एक, गंजीफ्रॉकसारखा पिळून वाळत घातलेला.
पात्रातल्या वाळूत एक अर्धा रुतलेला,
त्यावर बगळा, मालकासारखा.
तीन नदीपलीकडे, दुसऱ्या तालुक्यात.
धोंडू भोयाची नाव निंबाखाली चेंगरलेली,
म्हणून त्यानं पडलेल्या केळीचेच सात खांब बांधले
आणि त्यावर बसून गेला.
येताना पत्रे मध्ये, तो कडेला,
पाय पाण्यात.

मग ओळखपरेड.
नव्या कोऱ्या पत्र्याला चार मालक निघाले,
गंजलेल्याला कुणीच नाही.
इच्छारामनं बायकोला विचारलं, आपला कोनता?
ती म्हणाली, ज्याच्यावर तुम्ही मागच्या होळीले
लाडवाचं ताट वाळत टाकून इसरले तो.
डाग होता. मी नोंद केली.

सरूबाईला दिसत नाही फारसं.
म्हणाली, माह्या पत्र्याले नऊ भोकं,
दोन डांबरानं बुजेल.
असे पत्रे तीन निघाले.
तेव्हा ती म्हणाली, उचला. उन्हाकडे धरा.
आणि मैदानातच खाली आडवी झाली,
पदर सावरून, रोज झोपते तशी.
आम्ही चौघं वर पत्रा धरून उभे, हात कापतायत.
पहिला नाही. दुसरा नाही.
तिसऱ्याचे सात कवडसे तिच्या अंगावर पडले,
एक बरोबर कपाळावर.
हाच, म्हणाली. हा मले सात वाजता उठवतो.

आठ दिवस वीज नव्हती.
नवव्या दिवशी खांबांची गाडी आली, कोकणातून माणसं घेऊन.
पुळेकर नावाचा वायरमन खांबावरूनच बोलायचा.
आमच्याकडे वादळ झालं त्या साली
तुमच्या जळगावकडचा एक जण आला होता हो,
माडाखालच्या तारा सोडवायला.
पिशवीतनं वांगी आणली होती त्यानं,
आम्हाला भरीत करून घातलं, नाकातून पाणी.
नाव विचारायचं राहिलं.
आम्ही एकमेकांकडे बघितलं. आमच्यातला कुणीच नव्हता तो.
तरी जोहरानं वांगी कुठून तरी पैदा केली,
काटक्यांवर भाजली.
पुळेकर मैदानातले पत्रे बघत जेवला.
म्हणाला, आमचा पत्रा दर्यात गेला की गेला.
तुमची नदी बरी, ठेवून घेते, परत देते.
धोंडू म्हणाला, नाव नाही देत.
आणि दोघंही हसले, का ते कळलं नाही.

केळीबद्दल कुणी फार बोललं नाही.
कोयत्यानं कापलेल्या खांबातून
दुसऱ्या दिवशी पोंगा बोटभर वर आला होता,
कापणाऱ्याला न विचारता.
पोरं त्याची उंची पट्टीनं मोजायची.

एकशे चार पत्रे गेले आपापल्या घरी.
वाकडे होते ते ठोकून सरळ केले,
दिवसभर गाव नुसतं ठण ठण.

एक उरला. नंबर एकसष्ट.
हिरवा रंग, कोपऱ्यात खिळ्यानं कोरलेलं अर्धं नाव:
"वि", पुढे फाटलेलं.
शेजारच्या पाच गावांना फोन केले.
विठ्ठल निघाले, विमल निघाली, विक्रम तर सहा.
पत्रा कुणाचाच नाही.
सरपंच म्हणतात, संडासावर टाक.

मी शाळेच्या भिंतीला टेकवून ठेवलाय.
कुठे तरी एक घर तेवढंच उघडं असणार,
एका पत्र्याएवढं,
आणि कुणी तरी पातेलं सरकवत असणार रात्री.
पाऊस नंबर पुसून टाकतो.
सकाळी पाणी सोडलं की
मी खडू घेऊन जातो.